तार न छेडता येणारा आवाज

इलेक्ट्रिक गिटार अँपला जोडली आणि अँपचा आवाज वाढवला, की एकही तार न छेडता स्पीकर बोलू लागतो. कधी खर्जातली सलग घूं, कधी तिलाच खरखरीत धार, कधी नुसतीच बारीक सूं. वादक या सगळ्याला एकच नाव देतात, हमिंग. प्रत्यक्षात हे चार-पाच वेगळे आवाज आहेत. प्रत्येकाची आत शिरायची वाट वेगळी असते आणि एकावरचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. नव्या गिटारवाल्यांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते इथेच. वाट न शोधता महागडी केबल, मग पेडल, मग नवा पिकअप अशी खरेदी होत राहते आणि घूं जागच्या जागी राहते.

आवाजाचे मूळ पिकअपच्या रचनेतच आहे. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबक आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजेच कॉइल. स्ट्रॅटोकास्टर घराण्याच्या गिटारमध्ये एका कॉइलला सात-आठ हजार वेढे असतात. ही तार मिलिमीटरच्या सोळाव्या भागाइतकी बारीक असते आणि उलगडली तर सुमारे एक किलोमीटर भरते. चुंबकाच्या सहवासाने गिटारची पोलादी तार स्वतःही चुंबकित होते. ती थरथरली की कॉइलमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि बदलते क्षेत्र वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण करते हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले होते. जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या १९३१-३२ मधल्या ‘फ्राइंग पॅन’ या गिटारपासून आजपर्यंत चुंबकीय पिकअपचे तत्त्व हेच राहिले आहे.

मात्र क्षेत्र कशामुळे बदलले याच्याशी कॉइलला देणेघेणे नसते. तारेच्या कंपनाने बदलले काय आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमुळे बदलले काय, तिच्या लेखी दोन्ही सारखेच. भारतातला वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे, म्हणजे भिंतीतल्या वायरमधला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही त्याच गतीने उलटसुलट होते. साध्या खोलीत हे क्षेत्र ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास असू शकते. आठ हजार वेढे आणि सात चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ धरून हिशेब केला, तर कॉइलमध्ये मिलिव्होल्टच्या पाचव्या भागाइतका दाब तयार होतो. जोरात छेडलेली तार शंभर मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक देते, त्यामुळे स्वच्छ आवाजात वाजवताना ही घूं झाकून जाते. पण रॉकसाठी लागणाऱ्या डिस्टॉर्शनमध्ये तोच संकेत हजारपट किंवा त्याहून मोठा केला जातो. जोरात छेडलेल्या तारेचा आवाज एका मर्यादेला जाऊन सपाट कापला जातो, घूं मात्र वाढतच राहते आणि दोघांमधले अंतर मिटत जाते. हार्ड रॉक वाजवणाऱ्याला हमिंगचा जाच जास्त का होतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मुंबईच्या परिसरात ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे खोलीतल्या विजेच्या क्षेत्राच्या शेकडो पट आहे. ते स्थिर असल्यामुळे कॉइलला त्याचा पत्ताही लागत नाही. घूं क्षेत्राच्या नुसत्या जोराने उठत नाही, त्याच्या बदलण्याने उठते, आणि बदल जितका वेगवान तितका दाब मोठा. म्हणून ५० हर्ट्झच्या शुद्ध लाटेपेक्षा तिच्या पटीतल्या १००, १५०, २५० हर्ट्झच्या लाटा गिटारला जास्त बाधतात. शिवाय गिटार अँपचा बारा इंची स्पीकर ५० हर्ट्झ फारसा वाजवतच नाही. कानाला ऐकू येते ती मुख्यतः या पटींची गर्दी.

ही गर्दी कुठे दाट असते हे समजून घ्यायला वालीव हे चांगले ठिकाण आहे. वसई पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगरांच्या आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या बाजूचे हे गाव आज वसई-विरार महापालिकेत आणि पालघर जिल्ह्यात मोडते. त्याची ओळख आहे ती औद्योगिक गाळ्यांची. प्लास्टिकच्या मोल्डिंग मशीन, लेथ, वेल्डिंग सेट, कॉम्प्रेसर हे सगळे थ्री-फेज विजेवर चालते आणि चाळी व इमारती त्यांना लागूनच उभ्या आहेत. मोटारींचा वेग बदलणारे आधुनिक ड्राइव्ह, एलईडी दिव्यांचे चालक, संगणकांचे पॉवर सप्लाय ही यंत्रे वीज सलग न ओढता झटक्याझटक्याने ओढतात. त्या झटक्यांतून पटींच्या लाटा जन्मतात. थ्री-फेज जोडणीत तिन्ही फेजांचे ५० हर्ट्झचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना बरेचसे मारतात, पण १५० हर्ट्झचे तिन्ही प्रवाह तिथे एकत्र येऊन वाढतात. दुपारी गाळे चालू असताना गिटारमधून येणारी खरखर रविवारी किंवा रात्री उतरत असेल, तर गिटार उघडण्याआधी शेजारच्या भिंतीकडे पाहावे.

घूंचा सूरही मोजता येतो. पाश्चात्त्य स्वरलेखनात सर्वांत जवळचा जी हा स्वर ४९ हर्ट्झचा आहे, त्याच्या वरच्या सप्तकातला ९८ हर्ट्झचा. म्हणजे ५० आणि १०० हर्ट्झची घूं पेटीच्या भाषेत पांढरी पाचच्या किंचित वर लागते, तर १५० हर्ट्झची पांढरी दोनच्या किंचित वर. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या घरात बोट ठेवले की ९८ हर्ट्झ मिळतात. त्या स्वरावर थांबल्यावर घूं आणि तार यांच्यात दोन हर्ट्झचा फरक सेकंदाला दोन झोके घेत ऐकू येतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथली घूं वेगळ्या सुरात असते. भारतात मात्र ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेल्यापासून सबंध देशाचे ग्रिड एकाच तालात चालते. त्यामुळे वालीवच्या गाळ्यातली आणि कन्याकुमारीतली घूं अगदी एकाच क्षणी एकाच सुरात असते.

पहिला उपाय फुकटचा आहे. एका कॉइलचा पिकअप सगळ्या दिशांनी सारखे ऐकत नाही. गिटार हातात धरून वादक जागच्या जागी वळत गेला, तर एका दिशेला घूं सर्वांत मोठी होते आणि तिथून काटकोनात जवळपास नाहीशी होते. ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने, साधारण अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. म्हणून अँपला चिकटून बसलेला वादक दोन पावले मागे सरकला तरी फरक कानाला कळतो. मुंबईच्या चित्रपट स्टुडिओत अनेक दशके सगळा वाद्यवृंद एकत्र वाजवून ध्वनिमुद्रण होत असे. त्या पद्धतीत एका गिटारची घूं ही पन्नास वादकांच्या टेकमधली घूं होती, आणि नंतर ती वेगळी काढण्याची सोय नव्हती. घरच्या ध्वनिमुद्रणातही खुर्चीची दिशा ठरवण्यात घालवलेली पाच मिनिटे कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

कायमचा उपाय गिब्सन कंपनीचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी मांडला. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे दुसरीच्या उलट आणि एकीच्या चुंबकाचे ध्रुवही दुसरीच्या उलट. बाहेरून येणारे क्षेत्र दोन्ही कॉइलना सारखेच भेटते. वेढे उलट असल्याने दोन दाब एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि मिटतात. तारेच्या बाबतीत मात्र वेढे उलट आणि चुंबकही उलट, म्हणजे दोनदा उलटून सुलट. दोन्ही संकेत एकमेकांत मिसळून वाढतात. याच पिकअपचे नाव हमबकर. गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर तो १९५७ मध्ये आला, पेटंट १९५९ मध्ये मिळाले. त्याच सुमारास रे बट्स यांनी ग्रेच कंपनीसाठी याच तत्त्वावरचा पिकअप केला, आणि १९५७ मध्येच फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या पिकअपचे दोन तुकडे करून दोन-दोन तारांखाली उलटसुलट बसवण्यात आले. विसाव्या शतकातल्या वाद्यनिर्मितीतली ही सर्वांत देखणी युक्ती म्हणावी लागेल. एकही जास्तीचा विद्युत भाग न वापरता, केवळ मांडणीच्या जोरावर गोंगाट स्वतःच स्वतःला पुसतो.

त्याची किंमत आवाजाच्या पोतात द्यावी लागते. हमबकर एकाच तारेला दोन ठिकाणी ऐकतो, त्यामुळे वरच्या पट्टीतली काही धार आपसात कापली जाते आणि आवाज भरदार पण किंचित मऊ होतो. एका कॉइलची चमक ज्यांना हवी ते हमबकर लावत नाहीत. त्यांच्यासाठी मधले मार्ग आहेत. तीन पिकअपच्या अनेक स्ट्रॅट गिटारमध्ये मधला पिकअप उलटे वेढे आणि उलटे चुंबक असलेला बसवतात. निवडीच्या खटक्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप जोडीने चालतात तेव्हा घूं मिटते, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागी ती परत येते. खटका फिरवताना घूं येत-जात असेल तर तो बिघाड नव्हे. एकावर एक अशा दोन कॉइल रचलेले ‘नॉइजलेस’ पिकअपही मिळतात. त्यातली खालची कॉइल तारेपासून लांब असते आणि मुख्यतः घूंच ऐकते.

चुंबकीय क्षेत्रानंतर दुसरी वाट विद्युत क्षेत्राची. विजेची आडोसा नसलेली प्रत्येक वायर आपल्याभोवती विद्युत क्षेत्र पसरते, आणि माणसाचे शरीर खोलीतल्या एखाद्या अँटेनासारखे ते गोळा करून गिटारच्या आतल्या वायरिंगकडे पोहोचवते. येणारा आवाज घूंपेक्षा धारदार, खरखरीत असतो. दिव्यांचे डिमर आणि स्वस्त एलईडी यांमुळे तो जास्त येतो. वादकाने तारांना हात लावताच हा आवाज पटकन कमी होतो, कारण गिटारमध्ये तारा टेकतात त्या ब्रिजपासून एक वायर अँपच्या अर्थपर्यंत जोडलेली असते. हात लागला की शरीरही अर्थ होते आणि अँटेनाचे काम सोडून आडोशाचे काम करू लागते. बरेच वादक हे पाहून गिटारचे अर्थिंग खराब आहे असे मानतात. निष्कर्ष उलटा आहे. हात लावल्यावर खरखर उतरली तर ब्रिजची वायर शाबूत आहे, उणीव आडोशाची, म्हणजे शील्डिंगची आहे. हात लावल्यावर खरखर वाढली तर मात्र ब्रिजची वायर तुटली आहे किंवा जॅकवर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे.

शील्डिंगसाठी पिकअप आणि नॉब बसतात त्या पोकळ्यांना आतून तांब्याची पट्टी चिकटवतात किंवा वीज वाहून नेणारा ग्रॅफाइटचा रंग लावतात. पट्ट्यांचे जोड एकमेकांवर चढवून सोल्डर करावेत, प्लास्टिकच्या पिकगार्डच्या मागची बाजूही झाकावी, आणि हा सगळा पिंजरा एका जागी अर्थला जोडावा. जॅकचे गरम टोक पट्टीला टेकणार नाही ही काळजी घेतली नाही, तर गिटार एकदम मुकी होते. या कामाने खरखर पुष्कळ उतरते. घूं उतरत नाही, आणि ती उतरेल या आशेने केलेले शील्डिंग निराशच करते. ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र अडवायला तांब्याचा थर नऊ मिलिमीटरच्या आसपास जाड हवा, पट्टी असते मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाइतकी. चुंबकीय घूंसाठी हमबकर किंवा दिशा, विद्युत खरखरीसाठी शील्डिंग, ही वाटणी कधी बदलत नाही.

वसईच्या किनारी हवेत आणखी एक गोष्ट घडते. दमट, खारट हवेने जॅकची पट्टी, नॉबखालच्या पॉटचा आतला मार्ग आणि खटक्याचे टोक काळवंडतात. मग नॉब फिरवताना चरचर येते आणि वायर हलली की आवाज जातो-येतो. त्याला संपर्क स्वच्छ करणारा फवारा आणि जॅकच्या जोडांवर नवे सोल्डर पुरते. पॉट झिजला असेल तर बदलावा, तो स्वस्त असतो.

आवाज गिटारमधला की बाहेरचा, हे ठरवायला गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब पुरतो. तो शून्यावर आणला की पिकअपचा संकेत अर्थला टेकतो. घूं तेव्हा गेली तर ती पिकअपमधून किंवा नॉबच्या आधीच्या वायरिंगमधून येत होती. राहिली तर गिटार बहुधा निर्दोष आहे आणि शोध केबल, पेडल, अँप किंवा भिंतीतल्या विजेकडे वळवायचा. मग केबल अँपमधून काढावी. तरीही घूं राहिली तर ती अँपचीच. पेडल एकेक करून मधून काढले की दोषी पेडलही सापडते. ही तपासणी फारच थोडे वादक करतात, आणि कोणतीही खरेदी करण्याआधी ती करायलाच हवी.

तिसरी वाट अर्थिंगची. इथे प्रश्न आवाजापुरता उरत नाही, जीवावर येतो. गिटारच्या तारा ब्रिजच्या वायरने अँपच्या धातूशी आणि अँपच्या थ्री-पिन वायरने इमारतीच्या अर्थशी जोडलेल्या असतात. अँपचे अर्थ तुटले आणि आत कुठे फेज धातूला लागला, तर तारांवर २३० व्होल्ट उभे राहतात. वादकाचा हात तारांवर आणि ओठ अर्थ झालेल्या माइकवर, अशा स्थितीत प्रवाह छातीतून जातो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झी इथे माइकला हात लागून मंचावरच मृत्यू झाला. यार्डबर्ड्सचे गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेले. घूं घालवण्यासाठी अँपच्या प्लगची अर्थ पिन तोडायची किंवा टू-पिन अडॅप्टर लावायचा, हा सल्ला आजही मंचामागे सर्रास दिला जातो. तो कोणी दिला तरी कधीच ऐकू नये. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला बोर्ड असा अपघात टाळू शकतो. सरावाच्या जागेत गिटारपेक्षा आधी तो बसला पाहिजे.

जुन्या चाळीत आणि काही गाळ्यांत थ्री-पिन सॉकेटचे वरचे मोठे भोक नुसतेच असते, त्याच्यामागे वायर जोडलेली नसते. वायरमनने मल्टिमीटरने पाहिले तर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तितकेच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. तिसरा आकडा मोठा असेल तर अर्थिंग कमकुवत असू शकते. जमिनीत पुरलेल्या नळीभोवती मीठ आणि कोळसा यांचे थर देऊन केलेले अर्थिंग मातीच्या ओलीवर अवलंबून असते. पावसाळ्यात त्याचा रोध उतरतो, एप्रिल-मे मध्ये चढतो, म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे. वसईच्या पश्चिमेकडच्या खारट मातीत रोध कमी मिळतो, पण लोखंडी नळी लवकर गंजते. डोंगराकडे माती पातळ आणि खाली कातळ, तिथे नळी खोल जाणेच अवघड.

अर्थिंग चांगले असूनही घूं येते ती अर्थ लूपमुळे. गिटारचा संकेत दोन अँपना दिला, किंवा अँप एका भिंतीवरच्या सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्या भिंतीवर असला, की दोन्हीकडच्या अर्थच्या दाबात काही मिलिव्होल्टचा फरक असतो. केबलची बाहेरची जाळी या दोन अर्थना जोडते, तिच्यातून प्रवाह वाहू लागतो आणि जाळीच्या रोधावरचा दाब संकेतात मिसळतो. उपाय दोन आहेत. सगळी ध्वनियंत्रणा एकाच बोर्डावरून, एकाच अर्थवर चालवणे हा पहिला. तो जमत नसेल तिथे मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावून संकेत चुंबकीय मार्गाने पुढे न्यायचा आणि बॉक्सवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ खटका दाबून जाळी एका टोकाला मोकळी करायची. हा खटका फक्त संकेताचे अर्थ तोडतो, विजेचे सुरक्षित ठेवतो, आणि प्लगची पिन तोडण्यापेक्षा तो वेगळा ठरतो तो यामुळेच. डीआयपासून मिक्सरपर्यंतची एक्सएलआर केबल बॅलन्स्ड असते. तिच्या दोन वायरींत संकेत उलटसुलट धावतो आणि वाटेत शिरलेली घूं दोन्हीत सारखी असते, म्हणून मिक्सरमध्ये ती वजा होते. गिटारची साधी केबल बॅलन्स्ड नसते, म्हणून ती सहा मीटरच्या आत ठेवावी. लांब पल्ला एक्सएलआरने गाठावा.

पालघर, ठाणे आणि रायगडच्या पट्ट्यात हे सगळे प्रश्न आणखी एका वाद्याला भेडसावतात, ते म्हणजे हळदी, वरात आणि गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये जपानच्या नागोयात तयार केलेल्या ताइशोगोटो या कळांच्या तंतुवाद्याचे भारतात बुलबुल तरंग झाले, आणि महाराष्ट्रात पोलादी तारांखाली पिकअप बसवून त्याचा बेंजो झाला. आगरी-कोळी गाण्यांच्या मेळ्यात बेंजो गिटारइतकाच विद्युत वाद्य असतो आणि पिकअपही बहुधा एकाच कॉइलचा. त्यात टेम्पोवरचा पोर्टेबल जनरेटर आला, की त्याची लाट वाकडी, न्यूट्रल मोकळा आणि अर्थिंग शून्य. रोषणाई त्याच जनरेटरवर असली तर डिमरची प्रत्येक हालचाल बेंजोत ऐकू येते. उपायांचा क्रम तोच. वाद्याच्या पोकळीत तांब्याची पट्टी, तारा आणि जॅक यांची एकत्र अर्थ वायर, शील्ड असलेली लहान केबल, प्रकाश आणि ध्वनी यांना वेगवेगळा पुरवठा, आणि जनरेटरच्या अर्थच्या स्क्रूपासून ओल्या जमिनीत ठोकलेली सळई. घरी इन्व्हर्टर असेल तर चौकोनी लाटेच्या जुन्या यंत्राऐवजी शुद्ध साइन लाटेचे यंत्र घ्यावे. चौकोनी लाटेत पटींचे प्रमाण इतके असते की पंखासुद्धा गुणगुणतो.

आजच्या घरगुती सरावात सर्वांत नेहमीचा गुन्हेगार लॅपटॉपचा टू-पिन चार्जर असतो. त्याच्या आत रेडिओ लहरी दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर विजेपासून बाहेरच्या बाजूकडे जोडलेला असतो. त्यामुळे लॅपटॉपचे आणि ऑडिओ इंटरफेसचे धातूचे भाग अर्थच्या तुलनेत शंभर व्होल्टच्या आसपास तरंगत राहतात. प्रवाह अगदी थोडा असल्याने धोका नाही, पण बोटांना मुंग्या येतात आणि गिटारमधून खरखर येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि आवाज थांबला, की निदान पक्के. अर्थ पिनचा चार्जर वापरला, किंवा त्याच बोर्डावरच्या अर्थ झालेल्या अँपशी इंटरफेस केबलने जोडला, तर काम होते. पेडलांचेही तसेच. एका स्वस्त स्विचिंग अडॅप्टरवर पाच-सहा पेडल डेझी चेनने लावले की त्यांच्यात अर्थ लूप तयार होतात आणि डिजिटल पेडलची शिटी अ‍ॅनालॉग पेडलमध्ये ऐकू येते. प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला पॉवर सप्लाय महाग पडतो, पण त्यावर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

अँपमधून येणारी घूं वेगळी ओळखता येते. ती गिटार काढल्यावरही राहते आणि बहुधा १०० हर्ट्झची असते, कारण वीज एकदिश करताना लाटेचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला वळवले जातात. ती गुळगुळीत करणारे मोठे कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातात आणि घूं हळूहळू वाढते. व्हॉल्व्ह अँपमध्ये हे कपॅसिटर बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट धरून असतात. ते बदलणे तंत्रज्ञाचे काम, वादकाचे नव्हे.

सूं मात्र विजेतून येत नाही. कोणत्याही रोधात इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत हलत असतात आणि त्यातून सगळ्या पट्ट्यांत पसरलेला बारीक गोंगाट निघतो. बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो १९२० च्या दशकात मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे सूत्र मांडले. दहा हजार ओमच्या रोधातून, ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात, सुमारे दोन मायक्रोव्होल्ट मिळतात. ही निसर्गाची तळरेषा आहे, तिच्याखाली जाता येत नाही. करता येते ते एवढेच की संकेत साखळीच्या सुरुवातीलाच मोठा ठेवायचा. गिटारचा नॉब अर्ध्यावर ठेवून अँप वाढवण्यापेक्षा नॉब पूर्ण उघडून अँप कमी ठेवला की सूं खाली जाते. अति डिस्टॉर्शनची सवय कमी केली तर आणखी खाली. उंच आवाजावर येणारी किंचाळी हा आणखी वेगळा प्रकार. पिकअपची सैल वेढ्यांची तार स्वतःच हलू लागली की ती येते. ती थांबवायला पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून हवा काढतात.

नॉइज गेटचा क्रम या सगळ्यानंतर येतो. हे पेडल संकेत ठरावीक पातळीखाली गेला की दार बंद करते. वाजवणे थांबताच शांतता मिळते, पण वाजत असताना घूं जशीच्या तशी स्वरात मिसळलेली असते. पातळी जास्त ठेवली तर लांबवलेल्या स्वराचे शेपूटही कापले जाते. वेगवान, तुटक रिफ वाजवणाऱ्याला गेट उपयोगी, संथ मींडेच्या स्वराला तो मारक. संगणकावर घूं गाळणारी सॉफ्टवेअर वेगळ्या तऱ्हेने चालतात. ती ५०, १००, १५० हर्ट्झ आणि पुढच्या प्रत्येक पटीवर अतिशय अरुंद खाच पाडतात. खाच रुंद ठेवली तर तिसऱ्या घरातला ९८ हर्ट्झचा स्वरही पोकळ होतो. फार अरुंद ठेवली तर दुसरी अडचण येते. भारतीय ग्रिडसाठी ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा आहे आणि त्यात वारंवारता दिवसभर सरकत असते. मुळाशी ०.१५ हर्ट्झची हालचाल दहाव्या पटीवर दीड हर्ट्झ होते आणि घूं खाचेतून निसटते. म्हणून अशा सॉफ्टवेअरला सुरुवातीचे काही सेकंद, एकही तार न छेडता, नुसती घूं ऐकवावी लागते. त्या क्षणाची वारंवारता त्यावरून ओळखूनच ते खाचा नेमक्या जागी बसवते.